शांत बसलेले मूल आणि भरलेला डबा
(ट्रस्टने भरविलेल्या पालक-मेळाव्यातील व्याख्यान)



ट्रस्टच्या महोत्सवात मास्तराने औषधांवर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आम्ही वैद्य नव्हे. औषध कोणते व किती, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. परंतु सकाळची गोळी घेतल्यावर मूल पाच-सहा तास आमच्या डोळ्यांसमोर असते. त्या वेळात काय पाहावे, एवढेच सांगण्याचा आमचा अधिकार. आणि तोही आम्ही एका चुकीतून मिळविला आहे.

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. बुद्धीने तल्लख, पण एक गणित पुरे होईपर्यंत चार वेळा बाकावरून उठणारा. आमच्या तक्रारींनी त्याची वही भरली होती. डॉक्टरांनी तपासून अवधानाचा अभाव व अतिचंचलता, म्हणजे ज्याला एडीएचडी म्हणतात, तो विकार असल्याचे सांगितले आणि मेथिलफेनिडेट सुरू केले. पंधरवड्यात मुलगा शांत बसू लागला. आम्ही वहीत मोठ्या हौसेने 'उत्तम सुधारणा' असा शेरा मारला. दोन महिन्यांनी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "सर, सुधारणा खरी, पण डबा रोज भरलेलाच परत येतो. चड्डीला पिन लावावी लागते. तुम्हाला दिसले नाही का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. मधल्या सुट्टीत तो रोज आमच्यासमोर न जेवता बसत होता. त्याची शांतता आमच्या सोयीची होती, म्हणून आम्ही तिकडे पाहिले नाही.

हे औषध काही कालपरवाचे नाही. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी अशाच उत्तेजक वर्गातील बेंझेड्रीन दिल्यावर मुलांचे अभ्यासातील वर्तन सुधारल्याचे नोंदविले. मेथिलफेनिडेट १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. त्याचे गुण जसे ठाऊक आहेत, तसे त्याचे उपद्रवही ठाऊक आहेत. आणि बहुतेकांवर उपाय करता येतो.

पहिला उपद्रव भूक मंदावण्याचा. गोळीचा अंमल दुपारी जोरात असतो, तेव्हा डब्यावर सक्ती करून उपयोग नाही. सकाळी गोळीपूर्वी किंवा गोळीबरोबरच पोटभर न्याहारी द्यावी: भाकरी-लोणी, अंडे, दूध, केळे, जे घरी असेल ते. संध्याकाळी भूक परत येते, तेव्हा शेंगदाण्याचा लाडू किंवा खीर द्यावी आणि रात्री सावकाश जेवू घालावे. औषधाने उंचीची वाढही काहीशी मंदावू शकते. म्हणून ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शनात दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची दर सहा महिन्यांनी मोजावी, असे सांगितले आहे.

दुसरा उपद्रव झोपेचा. साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास टिकतो, लांब पल्ल्याच्या गोळीचा आठ ते बारा तास. ही दुसरी गोळी उशिरा दिली, तर मूल रात्री तळमळते. ती फोडून वा कुटूनही देऊ नये. तसे केल्यास दिवसभराचे औषध एकदम अंगात भिनते. तिसरा उपद्रव संध्याकाळच्या चिडचिडीचा. अंमल उतरताना मूल रडवेले होते, भांडते. त्याला त्या वेळी गृहपाठाला बसवू नका, मार तर मुळीच नको. खाऊ द्या, मैदानावर सोडा. आरंभी डोके किंवा पोटही दुखते. ते बहुधा काही दिवसांत थांबते.

काही खुणा मात्र थांबण्यासारख्या नाहीत. छातीत दुखणे, घेरी येणे, भास होणे, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर औषध सुरू होण्यापूर्वीच सांगावे. ॲटोमॉक्सेटीन हे औषध चालू असता डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाल्यास विलंब करू नये. क्वचित यकृताला इजा होते.

शिक्षकबंधूंना एक विशेष सांगणे. मूल हसेनासे झाले, मित्रांत मिसळेनासे झाले, पुतळ्यासारखे बसले, तर ती सुधारणा समजू नका. मात्रा जास्त होत असल्याची ती खूण असू शकते. पालकांना लगेच कळवा.

उपासाचाही प्रश्न येतो. रमजान आला की लहान मूल रोज्याचा हट्ट धरते, श्रावणात दुसऱ्या घरी सोमवारचा. अगोदरच भूक मेलेल्या मुलाला हौसेखातर उपाशी ठेवू नये. वयात न आलेल्या मुलावर रोजा फर्ज नाही, आणि आजाऱ्यालाही सवलत आहे. मोठ्या मुलाने डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि मात्रा आपल्या मनाने वाढवू, घटवू वा एकाएकी बंद करू नये.

त्या मुलाच्या डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली, गोळी न्याहारीनंतर दिली. आई घरी आणि आम्ही शाळेत एकाच वहीत नोंद ठेवू लागलो: डबा किती खाल्ला, झोप किती, मन कसे. काही महिन्यांत पिन निघाली. वर्गात तो पुन्हा थोडा बडबडू लागला. त्याची तक्रार आम्ही केली नाही.

ट्रस्टला आमची विनंती लहानशी आहे. एक चांगला वजनकाटा, उंची मोजण्याची एक पट्टी आणि प्रत्येक अशा मुलामागे एक वही, एवढे द्यावे. बाकी पाहण्याचे काम आमचे. आता आम्ही डबा उघडून पाहतो.