सोल्यूशनचा डबा कुठे ठेवायचा?

(चपला चिकटवण्याचं काम करणाऱ्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



सोल्यूशनचा वास डोक्यात चढतो, हे आपण सगळ्याच सांगतो. पण पेट घेते ती डब्यातून उठणारी वाफ, हे आपल्याला कुणी सांगत नाही. सोल्यूशनमध्ये, थिनरमध्ये बऱ्याचदा टोल्युइन असतं. ४ अंश सेल्सिअसलाच त्याची वाफ पेटण्याजोगी होते. म्हणजे मुंबईच्या थंडीतसुद्धा. शिवाय ही वाफ हवेच्या तिप्पट जड. वर जात नाही, जमिनीवरून सरपटते.

आता बघा, जमिनीवर कोण बसतं? मशीनवर पुरुष, खाली चिकटवायला आपण. घरी काम आणणारीची तर एकच खोली. इकडे डबा, चार हातांवर स्टोव्ह. खिडकी उंचावर, तिचा उपयोग थोडाच. वाफ स्टोव्हपर्यंत पोचते आणि मग म्हणतात, बाई निष्काळजी होती! (जळिताच्या बाबतीत हे वाक्य आपण पूर्वीही पुष्कळ ऐकलंय.)

म्हणून बसायच्या जागी दिवसाला लागेल तेवढंच सोल्यूशन घ्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पाण्याच्या बाटलीत कधीच नको, पोरं तोंडाला लावतात. बाकीचा साठा वेगळ्या, हवेशीर, कुलपाच्या जागी हवा, जिन्याखाली नव्हे. आणि तो मालकाने ठेवायचा, आपल्या पलंगाखाली नाही. भिजलेल्या चिंध्याही झाकणाच्या डब्यातच टाका. डबा उघडा असताना स्टोव्ह, उदबत्ती, विडी काही नको. पेटलंच तर पाणी ओतू नका. थिनर पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. वाळूची बादली जवळ असू द्या.

आणि दार. दाराशी मालाची पोती रचू देऊ नका, बाहेरून कडी तर मुळीच नको. ७ जून २०२१ ला पुण्याजवळ उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात आग लागली. मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या.

कायद्याचं म्हणाल तर १९४८ चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगारांपासून लागू होई. २०२० च्या संहितेने कारखान्यासाठी ही मर्यादा २० वर नेली. आठ-दहा जणींचा गाळा कारखाना ठरतच नाही. तेव्हा झाकणाचे डबे, वाळू आणि साठ्याची वेगळी जागा मुकादमाकडे आपणच मागायची, एकेकटीने नाही, सगळ्यांनी मिळून. दर डझनाच्या मजुरीतून त्याचे पैसे कापू द्यायचे नाहीत.

आता प्रत्येकीने सांगा, तुमचा डबा आत्ता कुठे आहे?