फवारणी, मेडिकलचे दुकान आणि दवाखाना



कपाशी छातीइतकी वाढली, की फवारा पिकावर कमी आणि आपल्या तोंडावर जास्त येतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले.

आपली एक खोड आहे बघा. किडीच्या विषालाही आपण औषधच म्हणतो आणि तापाच्या गोळीलाही औषधच! संध्याकाळी मेडिकलमध्ये जाऊन सांगतो, "डोकं धरलंय, मळमळतंय, गोळी द्या." दिवसभर काय फवारलं ते सांगत नाही. पित्ताची गोळी मिळते आणि सकाळी पुन्हा पंप पाठीवर. माझ्या भागातल्या एका मजुराने असेच दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात न्यावे लागले. वाचला, पण महिनाभर मजुरी बुडाली.

तेव्हा दुकानात पहिलं वाक्य हेच बोला, "आज फवारणी होती." फार्मासिस्ट शिकलेला असतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या, तोंडाला लाळ सुटली, दरदरून घाम आला, अंधुक दिसू लागलं, तर हे काम गोळीचं नाही, हे त्याला कळतं. अशा वेळी त्याने गोळी न विकता प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करावा आणि १०८ ची गाडी बोलवावी. त्याने गोळी नाकारली म्हणून रागावू नका. गाडी येईपर्यंत भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवा.

डॉक्टरला विषाचं नाव लागतं. प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या विषावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन हा उतारा आहे. पायरेथ्रॉइड गटाला तसा ठराविक उताराच नाही. म्हणून डब्याचं लेबल किंवा माहितीपत्रक सोबत न्या. दोन-तीन विषं मिसळून मारली असतील, तर सगळ्यांची न्या. लेबलवरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक, असं समजू नका.

दवाखान्यातून सुटल्यावर कागद पुन्हा त्याच फार्मासिस्टला दाखवा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा.

यंदाची पहिली फवारणी सुरू होण्याआधी त्याच्याकडून आरोग्य केंद्राचा फोन नंबर घ्या आणि पंप ठेवता त्या खोलीच्या दारावर लिहून ठेवा.