लेझीम, हलगी आणि रांगेतील शेवटचा मुलगा



प्रजासत्ताकदिनाच्या लेझीमची तालीम सुरू झाली म्हणजे शाळेच्या पटांगणावर एक प्रसंग हमखास घडतो. रांगेच्या तोंडाशी हलगी वाजत असते, तिच्याजवळ गुरुजी उभे असतात, आणि रांगेच्या शेपटाकडील एखादा मुलगा ‘चुकतो’. सारे वाकतात तेव्हा तो उभा असतो. गुरुजी दोनदा समजावितात, तिसऱ्यांदा रागावतात व अखेरीस लेझीम काढून घेऊन त्यास बाजूस बसवितात. त्याच्या जागी आणलेला मुलगाही थोड्याच वेळात तसाच चुकू लागतो, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

त्या मुलाचा अपराध मोजून पाहण्यासारखा आहे. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३५ मुले दोन-दोन मीटर अंतरावर उभी केली, तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ६८ मीटर होतात. म्हणजे हलगीचा ठोका शेवटच्या मुलाच्या कानी पडावयास एकपंचमांश सेकंद लागतो. मिनिटाला १२० ठोके धरले तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंदच असतो. त्यातील दोनपंचमांश काळ वाटेतच सरला! मुलाने ऐकल्याक्षणी लेझीम हलविली तरी ती गुरुजींना उशिरा हललेली दिसते. तिचा झणत्कार रांगेच्या तोंडापर्यंत परत यावयास आणखी तेवढाच वेळ लागतो, म्हणून कानांना चूक दुप्पट वाटते. ज्याला शिक्षा झाली तो बहुधा सर्वांत प्रामाणिकपणे ऐकणारा असतो.

तोच मेळ गोल करून हलगी मध्यभागी ठेवावी. मग प्रत्येक मूल तिच्यापासून सुमारे ११ मीटरांवर येते. ठोका सर्वांस सारखाच, सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाएवढ्या उशिराने पोहोचतो आणि कोणीच मागे पडत नाही. संचलनासाठी रांगच हवी असेल, तर हलगी निदान रांगेच्या मधोमध असावी. (हलगी वाजविणारे गृहस्थ गावातीलच असतात. त्यांस तालमीपुरते बोलावून पटांगणाच्या कडेला उभे करू नये. गुरुजींच्या खुर्चीशेजारी त्यांची खुर्ची असावी. तालाचे शिक्षक त्या वेळी तेच असतात.)

दिंडीत टाळकऱ्यांच्या रांगा समोरासमोर असतात. टाळकऱ्यास मृदंग ऐकू येतो, समोरच्याचा हात दिसतो आणि पाउलीचा ठेका स्वतःच्या पायाखाली असतो. लय वाढावयाची असली म्हणजे मृदंगावरील बोल दाट होतात, आणि कोणी काही न सांगता साऱ्यांचे हात चपळ होतात.

तबल्यावरील त्रितालात तर ऐकण्याची सोय ठेक्यातच केलेली आहे. सोळा मात्रांपैकी नववी खालीची. प्रचलित ठेक्यात दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमार थांबतो, तो चौदाव्या मात्रेस पुन्हा उमटतो. गाणारा मात्रा मोजीत बसत नाही. घुमार हरपला की आवर्तनाचा उत्तरार्ध लागला हे त्यास कळते, आणि तो परतला की सम जवळ आली. न वाजलेला आवाजही असा खूण देतो.

एकमेकांची वाट पाहण्याचा परिणाम अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी टाळ्यांवर तपासला. दोन माणसांनी दोन खोल्यांत बसून, केवळ परस्परांचा आवाज ऐकत टाळ्या वाजवावयाच्या. मध्ये विलंब मुद्दाम घातलेला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात विलंब वाढला की लय मंदावत गेली. विलंब फारच थोडा असता ती उलट किंचित वाढली. वर्गात सर्वांनी मिळून पाढे म्हणताना सूर रेंगाळतो, त्यातही शेजाऱ्यासाठी थांबण्याचा भाग असावा.

यावरून एक खेळ वर्गात घेता येईल. मुलांनी गोलात उभे राहून हलगीबरोबर टाळ्या वाजवाव्यात. मग हलगीने आठ ठोके गप्प राहावे व मुलांनी तशाच टाळ्या चालू ठेवाव्यात. नवव्या ठोक्यास हलगी परत येईल तेव्हा कोण तिच्या पुढे गेला, कोण मागे राहिला, हे गुरुजींनी सांगू नये; मुलांनाच विचारावे. बाजूस बसविलेल्या त्या मुलास पहिल्या दिवशी हलगीची काडी हाती द्यावी.