डासाच्या पोटातला उंबरठा



डास हा पावसाळ्याचा विषय, अशी आपली समजूत असते. आम्ही तो मुद्दाम ऐन वैशाखात घेतला आहे. खानदेशात पारा ४५च्या घरात गेला की घरोघर कूलर लागतात, नळाला रोज पाणी नसले तर पिंपे भरून ठेवावी लागतात; आणि डेंगीच्या डासाला, म्हणजे ईडिस इजिप्ताय याला, गटार नव्हे, असले साठवणीचे पाणीच आवडते.

आता प्रश्न असा की, रोग्याचे रक्त प्यालेली प्रत्येक मादी रोग पसरविते काय? नाही. विषाणू तिच्या आतड्याच्या अस्तरात शिरून वाढतो, ते ओलांडून अंगभर पसरतो व अखेर लाळग्रंथींत पोचतो. यास साधारण ८ ते १२ दिवस लागतात. उष्मा वाढला की हा काळ आखडतो. मात्र कित्येक माद्यांत विषाणू आतड्याच्या उंबरठ्यावरच अडतो, आणि तिचा दंश नुसताच खाजरा ठरतो.

हा अडसर बव्हंशी वंशपरंपरेने येतो. गब्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली निरनिराळ्या प्रदेशांतले तेरा वंश तपासले, तेव्हा त्यांच्या ग्रहणशीलतेत मोठी तफावत दिसली. शिवाय जो वंश डेंगीच्या एका प्रकाराला लवकर बळी पडे, तो इतर प्रकारांनाही पडे! आपल्या पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या, आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतील संशोधकांनीही जास्त व कमी ग्रहणशील वंशांवरचे प्रयोग २००१ साली प्रसिद्ध केले.

मग खानदेशी डास कोणत्या वंशाचा? आम्हांस तर हा प्रश्नच थोडा फसवा वाटतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात भेटतात, दुसरा पुढे जळगावास जातो. जुन्या टायरांत चिकटलेली अंडी मालमोटारीतून कोठेही जाऊ शकतात. अशा चव्हाट्यावर शुद्ध वंश कसला टिकणार!

दुसरे असे की, अडसर भक्कम असला तरी रक्तात विषाणू भरपूर असेल तर तो ओलांडला जाऊ शकतो. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात विषाणू असतो. म्हणून रोग्याला मच्छरदाणी दिवसाही हवी, कारण हा डास दिवसा चावतो. आणि कूलर नुसता उपडा करून भागत नाही. त्याच्या भिंतीला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात व पुन्हा पाणी भरताच फुटतात. ती काथ्याने घासूनच काढावी लागतात.