घरचा खेळाडू कोणाला म्हणावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या मुलांना युरोपातील फुटबॉल क्लबांची नावे तोंडपाठ असतात. कोणता खेळाडू किती कोटींना विकला गेला, हेही ती सांगतात. पण संघाची यादी कोणत्या नियमाने तयार होते, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. आज मी त्या यादीविषयीच बोलणार आहे. पंधरा ते एकवीस या वयाला त्या नियमात जे मोल दिले आहे, ते पालकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

१९९५ सालापर्यंत युरोपीय स्पर्धांत परदेशी खेळाडू किती खेळवायचे, यावर मर्यादा होती. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोसमान याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ही मर्यादा मोडीत काढली. युरोपीय संघातील कोणत्याही देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात कामासाठी जाण्याचा हक्क आहे आणि फुटबॉल हेही कामच, असा त्याचा आशय. निकाल न्याय्य होता. पण धनाढ्य क्लबांना तयार खेळाडू हवे तितके विकत घेण्याची मुभा मिळाली. २६ डिसेंबर १९९९ रोजी लंडनच्या चेल्सी क्लबने सामन्याच्या आरंभी जे अकरा जण मैदानात उतरवले, त्यांत एकही ब्रिटिश नव्हता. मग स्थानिक पोराने रोज संध्याकाळी घाम गाळायचा तो कशासाठी?

युरोपीय फुटबॉलची मध्यवर्ती संघटना यूएफा हिने २००५ साली यावर तोड काढली. नागरिकत्व विचारता येत नाही ना, मग शिक्षण विचारू! पंधरा ते एकवीस वर्षे या वयात ज्याने एका क्लबात तीन पूर्ण हंगाम किंवा छत्तीस महिने काढले, तो त्या क्लबाचा घरचा खेळाडू. त्याचा जन्म कोठला, पासपोर्ट कोणत्या देशाचा, याला महत्त्व नाही. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. कुळ आणि गाव न पाहता मुलगा कोणाच्या हाताखाली शिकला, एवढेच येथे पाहिले जाते.

२००६-०७ च्या हंगामात पंचवीस जणांच्या यादीत अशा चार खेळाडूंसाठी जागा राखल्या गेल्या. पुढल्या वर्षी त्या सहा झाल्या आणि २००८-०९ पासून आठ. या आठांपैकी निदान चार स्वतःच्या क्लबात घडलेले हवेत. उरलेले त्याच देशातील दुसऱ्या क्लबात घडलेले असले तरी चालतात.

आणि नियम मोडला तर? येथे दंड नाही. क्लबाकडे स्वतः घडवलेले दोनच खेळाडू असतील, तर उरलेल्या दोन जागा पैसे ओतून भरता येत नाहीत. यादी तेवीसांवर थांबते. पाच स्पर्धा खेळताना, निम्मे खेळाडू जायबंदी असताना, ती रिकामी खुर्ची प्रशिक्षकाला फार बोचते. याशिवाय एकवीस वर्षांपर्यंतच्या, क्लबात सलग दोन वर्षे असलेल्या मुलांची यादी निराळी ठेवतात आणि तिला संख्येची मर्यादा नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१० साली असाच नियम केला: पंचवीसांत बाहेर घडलेले सतरापेक्षा जास्त नसावेत.

पण नियम आला की पळवाटही येते. सेस्क फाब्रेगास बार्सिलोनाच्या शाळेत वाढला. २००३ साली सोळाव्या वर्षी तो आर्सेनलमध्ये गेला आणि एकविसाव्या वर्षाच्या आत तेथे तीन हंगाम पूर्ण करून इंग्लंडच्या हिशेबात घरचा ठरला. तो खेळला मात्र स्पेनसाठी, आणि २०१० चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. रोप एकाच्या वाफ्यात वाढवायचे आणि सावली दुसऱ्याने घ्यायची, असा हा प्रकार. युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे २०२१ पासून इंग्लिश क्लबांना अठरा वर्षांखालील परदेशी मुले घेता येत नाहीत, एवढ्यापुरती ही वाट बंद झाली.

दुसरा दोष याहून मोठा आहे. नियम यादीत नाव घालायला लावतो, मैदानात उतरवायला नाही. आठवा म्हणून नाव लागलेला मुलगा वर्षभर बाकावर बसून राहू शकतो. न्यायालयानेही २१ डिसेंबर २०२३ रोजी रॉयल अँटवर्प क्लबच्या खटल्यात हेच बोट ठेवले. तरुणांना घडवण्याचा हेतू योग्य. पण नियमाने तो खरोखर साधतो, हे सिद्ध करावे लागेल, असे त्याचे म्हणणे पडले. नियम नसतानाही काम करणारे होतेच. ग्लासगोच्या सेल्टिकने १९६७ साली युरोपियन कप जिंकला, तेव्हा त्यांचे सारे खेळाडू शहराच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. या वयात शिक्षण सोडून खेळाच्या मागे लागावे काय? जागतिक संघटना फिफाचा नियम येथे पाहण्यासारखा आहे. अठरा वर्षांखालील मुलाला दुसऱ्या देशात खेळायला नेता येत नाही. काही अपवाद आहेत, त्यांत युरोपात सोळा ते अठरा वयाचा एक. पण त्या अपवादात क्लबाने मुलाच्या शालेय वा व्यावसायिक शिक्षणाची हमी द्यावी लागते, उद्या खेळ सुटला तरी त्याला दुसरा व्यवसाय करता यावा म्हणून. पैसा कमावणाऱ्या खेळानेच ही अट लिहून ठेवली आहे. तेव्हा तुमच्या अब्बांनी दहावीचा अभ्यास पुरा कर म्हटले, तर ते खेळाचे वैरी आहेत असे विद्यार्थ्यांनी समजू नये.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के वाटा बारा ते तेवीस या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत दर हंगामाला पाव टक्का, पुढे दर हंगामाला अर्धा टक्का. हा वाटा नोंदीवर ठरतो. आपल्याकडे कित्येक मुले मोहल्ल्याच्या संघातून वर्षानुवर्षे खेळतात आणि त्यांचे नाव कोठल्याही वहीत नसते. मग त्यांना शिकवणाऱ्याच्या हाती काही येत नाही. म्हणून मुलगा संलग्न क्लबात खेळू लागला की त्याची नोंदणी कोणत्या तारखेपासून झाली ते पालकांनी विचारावे, आणि जन्मदाखल्याची प्रत घरी जपून ठेवावी.