पिशवीतले कागद



जत तालुक्यातली एक आई सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकराला घेऊन ऊसतोडीला गेली. पावसात पिशवी भिजली. एक्स-रे, चिठ्ठ्या सगळं गेलं. नव्या डॉक्टरांनी विचारलं, तर फिटच्या गोळीचं नाव तिला सांगता येईना.

अशा अनेक मुलांचा खुबा हळूहळू सरकतो. मागचा एक्स-रे असला की तो फरक वेळीच कळतो. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा मुलांची नोंद ठेवून तपासणी होते. तिथं खुबे निखळणं खूप कमी झालं. आपल्याकडे १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मोफत निघतो. त्याला जोडलेले कागद परगावच्या डॉक्टरांनाही दाखवता येतात.

उत्तम मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावानं ओळखतो. मंडळीतल्या तरुणांनो, टोळ्या निघण्याआधी एकेका घरी बसा, मोबाइलवर कागद चढवून द्या. एवढी सेवा कराल ना?