मूकपटांतील विनोद आणि कादंबरी

विनोदी मूकपट म्हणजे घटकाभर करमणूक, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. नट घसरून पडतो, टोपी वाऱ्यावर उडते, पोलीस पाठीमागें धांवतो. यांत वाङ्मयानें घेण्यासारखें काय असणार? या प्रश्नाचें एक उत्तर आयरिश लेखक सॅम्युएल बेकेट (१९०६-१९८९) याच्या कादंबऱ्यांत मिळतें.

मूकपटांतील नटाजवळ शब्द नव्हते. देह आणि भोंवतालच्या वस्तू एवढेंच त्याचें भांडवल. बस्टर कीटनच्या १९२८ सालच्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर' या चित्रपटांत वादळानें घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. वरच्या उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्याभोंवती येते, म्हणून तो वांचतो. प्रेक्षक हसतो, पण त्या हसण्याच्या तळाशीं भीति असते.

बेकेटला चित्रपटकलेची ओढ तरुणपणापासून होती. १९३६ सालीं त्यानें रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन यास पत्र लिहून मॉस्को येथील चित्रपटविद्यालयांत प्रवेश मागितला होता. तो योग आला नाहीं. परंतु मूकपटांची रीत त्याच्या गद्यांत दिसते. 'वॉट' (१९५३) या कादंबरीचा नायक पूर्वेकडे चालतो तो असा: धड उत्तरेस वळवून उजवा पाय दक्षिणेकडे फेंकावयाचा, मग धड दक्षिणेस आणि डावा पाय उत्तरेस! 'मोलॉय' (१९५१) मधील नायक १६ खडे ४ खिशांत वाटतो आणि प्रत्येक खडा पाळीपाळीनें कसा चोखला जाईल, याची योजना पानेंच्या पानें आंखीत बसतो.

येथें लेखक पात्राचें दुःख उकलून सांगत नाहीं. कॅमेऱ्याप्रमाणें तो हालचाल टिपतो, आणि तीहि कीटनच्या निर्विकार मुद्रेनें. म्हणून वाचक प्रथम हसतो व मग चपापतो. क्षुल्लक कामांत जीव ओतणारा तो मनुष्य त्याला ओळखीचा वाटूं लागतो.

१९६४ सालीं न्यूयॉर्कमध्यें बेकेटच्या 'फिल्म' या लघुपटाचें चित्रण झालें. त्यांत ६८ वर्षांच्या कीटननें काम केलें. एका 'शूऽऽ' खेरीज त्यांत शब्द नाहीं, आणि ज्या चेहऱ्यानें जगाला हसविलें तो जवळजवळ अखेरपर्यंत प्रेक्षकांना दिसत नाहीं.

ज्या खेळाला थिल्लर म्हणून नाक मुरडलें गेलें, त्याच्याकडून एवढा गंभीर लेखक शिकला. आज हलकी मानली जाणारी एखादी कलाहि उद्यांच्या कादंबरीस असेंच कांहीं देऊन जाईल. तिला हंसण्यावारी नेण्यापूर्वीं सुज्ञांनीं क्षणभर थांबावें, हें बरें.